उतारा नेमका कुठे मिळतो?

परीक्षेतला उतारा, सातबाऱ्याचा उतारा, तिठ्यावरचा उतारा आणि विषावरचा उतारा. शब्द एकच, रोजच्या बोलण्यातला. पण यातल्या शेवटच्या दोघांची गल्लत झाली, तर माणूस जिवाला मुकतो.

‘खालील उतारा काळजीपूर्वक वाचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहा.’ दहावीपर्यंत हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की ‘उतारा’ म्हटलं की डोळ्यांसमोर आधी मराठीचा पेपरच येतो. पण हा शब्द पेपरापुरता नाही. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सहज एक प्रश्न टाकून पाहिला, ‘उतारा म्हणजे काय?’ पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे ‘पॅसेज’. शेती असलेल्या घरातल्या मित्राने लिहिलं, ‘सातबारा.’ कोल्हापूरकडच्या एकाने विचारलं, ‘साखरेचा का?’ कोकणातल्या मैत्रिणीने तिठ्यावर ठेवलेला भात, लिंबू आणि वर भीतीचा इमोजी पाठवला. एका महाभागाने ‘रविवारी सकाळी लागतो तो’ असं लिहून लिंबूपाण्याचा फोटो टाकला. विषावरचं औषध हा अर्थ आला सगळ्यात शेवटी, तोही ‘अरे हो, ते पण’ अशा सुरात.

मला हवा होता तो हाच अर्थ. इंग्रजीत ज्याला ‘अँटीडोट’ म्हणतात त्याला मराठीत कितीतरी पुस्तकी शब्द आहेत : प्रतिविष, विषहर, विषघ्न, अगद. पण बोलताना आपण यातलं काहीच वापरत नाही. आपण म्हणतो उतारा. या साध्या शब्दात विषाविषयीची आपली एक जुनी समजूत दडलेली आहे. ती नीट पाहायला हवी, कारण तिचा संबंध थेट माणसं वाचण्या-न वाचण्याशी आहे.

एक शब्द, पाच पत्ते

सगळे उतारे ‘उतरणे’ आणि ‘उतरवणे’ या क्रियापदांच्या घरातले. त्यांच्या मुळाशी संस्कृतातला ‘तॄ’ हा धातू आहे. तरणे, तारणे, अवतार हे सगळे त्याचेच नातेवाईक.

पुस्तकातून वहीत उतरवून घेतलेला मजकूर तो उतारा. गावच्या दप्तरातल्या नमुना सात आणि नमुना बारा यांतून उतरवलेली नक्कल म्हणजे सातबाराचा उतारा. साखर कारखान्याचा उतारा वेगळा. शंभर किलो उसातून किती किलो साखर उतरली, त्याची ती टक्केवारी. उसाचा एफआरपी ठरवताना सध्या १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरतात, त्यामुळे ऊसपट्ट्यात हा शब्द चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतो. एकरी उतारा किती पडला, हेही त्याच वळणाचं.

चौथा उतारा आपण रस्त्यात पाहतो आणि वळसा घालून पुढे जातो. कुणाला नजर लागली, बाधा झाली असं घरच्यांना वाटलं, की त्याच्यावरून भात, अंडं, लिंबू, कुंकू असं काहीबाही ओवाळून तिठ्यावर नेऊन ठेवायचं. माणसावरची पीडा वस्तूवर उतरली आणि वस्तू गावाबाहेर गेली, अशी त्यामागची कल्पना.

आणि पाचवा उतारा विषावरचा. याचा अलंकारिक वापर तर आपण ऊठसूट करतो. महागाईवर उतारा, कंटाळ्यावर उतारा, ट्रोलिंगवर उतारा. त्यातही ‘रामबाण उतारा’ हा मथळ्यांचा लाडका. पण हा वापर काही आजचा नाही. सोळाव्या शतकातल्या संत एकनाथांच्या ‘विंचू चावला’ या भारुडात विंचू आहे काम-क्रोधाचा, आणि नाथ त्यावर जो उतारा सांगतात तो आहे सत्त्वगुणाचा. म्हणजे तेव्हाच्या ऐकणाऱ्यांना विंचवावरचा उतारा इतका ओळखीचा होता, की त्याचा आधार घेऊन अध्यात्म सांगता येत होतं.

चढतं म्हणून उतरवायचं

विषाबद्दल बोलताना मराठी माणूस कोणती क्रियापदं वापरतो, बघा. विष ‘भिनतं’ आणि विष ‘चढतं’. ताप चढतो, दारू चढते, राग चढतो, तसंच विषही. जे चढलं ते उतरवलं पाहिजे. म्हणूनच ‘विंचू उतरवणे’ हा वाक्प्रचार. खरं तर उतरवायचं असतं विंचवाचं विष, पण आपण म्हणतो विंचूच उतरवला. तो उतरवणारा माणूस कडुलिंबाचा पाला घेऊन वरून खाली झाडत येतो. हाताची दिशासुद्धा क्रियापदाप्रमाणे, खांद्याकडून बोटांकडे.

या शब्दात एक चित्र आहे. दंश झाला पायाला. तिथून विष पुरासारखं वर वर येतंय, छातीपर्यंत पोहोचलं की संपलं. एकदा हे चित्र डोक्यात बसलं की पुढच्या गोष्टी आपोआप सुचतात. वर चढू नये म्हणून दोरीने पाय करकचून आवळा. चढलंच असेल तर खाली ओढणारा माणूस शोधा. नाहीतर ब्लेडने चिरून बाहेर काढा, तोंडाने चोखा. सिनेमांनी या चित्रात अजून रंग भरले.

जुन्या काळी हा काही वेडेपणा नव्हता. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अख्खं अंग विषासाठी आहे, अगदतंत्र. ‘गद’ म्हणजे रोग, आणि त्याला पळवून लावणारं ते ‘अगद’. सुश्रुतसंहितेतलं संपूर्ण कल्पस्थान विषांवर आहे. वनस्पती आणि खनिजांतलं ते स्थावर विष, प्राण्यांतलं ते जंगम विष, असे भेदही तेव्हापासून केलेले आहेत. दंशाच्या वर बंध बांधायचा सल्लाही त्यात सापडतो. त्या काळात हाताशी जे होतं, त्यातला तो विचार केलेला उपाय होता. बीएएमएस करणाऱ्या मित्र-मैत्रिणींना आजही अगदतंत्राचा पेपर द्यावा लागतो.

आज मात्र आपल्याला माहीत आहे की विष जिन्यासारखं पायरी-पायरीने चढत नाही. सापाचं विष बरंचसं लसिकावाहिन्यांतून पसरतं आणि स्नायू हलले की पसरण्याचा वेग वाढतो. म्हणजे पळत सुटणं वाईट, आणि चावलेला भाग स्थिर ठेवणं चांगलं. करकचून आवळलेल्या दोरीने विष थांबेल याची खात्री नाही, रक्तपुरवठा मात्र नक्की थांबतो. पाय काळानिळा पडतो, कधी कापावा लागतो. आणि दवाखान्यात ती दोरी एकदम सोडली, तर साठलेलं विष एकाच वेळी शरीरात जाण्याचा धोका असतो.

घोड्याच्या रक्तातून येतो तो

मग खरा उतारा काम कसा करतो? तो काहीही उतरवत नाही, तो विषाला धरून ठेवतो.

सर्पविषावरची पहिली लस, म्हणजे प्रतिसर्पविष, फ्रेंच डॉक्टर अल्बेर काल्मेत यांनी १८९०च्या दशकात तयार केलं. मूळ कल्पना तीच आजही चालते. सापाचं विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचायचं आणि मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. घोड्याचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग घोड्याचं रक्त काढून त्यातून ही प्रतिपिंडं वेगळी करायची, शुद्ध करायची, वाळवून कुपीत भरायची. रुग्णाच्या शिरेतून ती आत गेली, की मोकळ्या फिरणाऱ्या विषाच्या कणांना चिकटतात आणि त्यांना निकामी करतात.

यात आपल्या मुंबईचाही मोठा वाटा आहे. परळच्या हाफकिन संस्थेची सुरुवात १८९९ मध्ये प्लेगवरच्या संशोधनासाठी झाली, आणि पुढे सर्पदंश व विंचूदंशावरच्या औषधांसाठी हे नाव देशभर झालं. भारतात मिळणारी लस चार सापांच्या विषांवर मिळून एकच असते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. गंभीर सर्पदंशांत बहुतेक वेळा याच चौघांचा हात असतो. त्यामुळे कोणता साप चावला हे नक्की सांगता आलं नाही तरी उपचार अडत नाहीत. सापाला मारून, पिशवीत घालून डॉक्टरांपुढे नेण्याची तर अजिबात गरज नाही. त्या झटापटीत दुसऱ्यालाही दंश होतो आणि वेळ जातो तो वेगळाच.

लसीसाठी लागणारं बहुतेक विष येतं तमिळनाडूतून. चेन्नईजवळ इरुला आदिवासींची सहकारी संस्था १९७८ पासून हे काम करते. हे लोक रानातून साप पकडतात, त्यांचं विष काढतात आणि साप पुन्हा सोडून देतात. मात्र यात एक मोठी अडचण आहे. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार थोडं बदलतं. तमिळनाडूतल्या घोणसाच्या विषावर तयार झालेला उतारा दुसऱ्या राज्यातल्या घोणसावर तितकाच लागू पडेल असं नाही. म्हणून प्रदेशानुसार वेगळी लस हवी, अशी मागणी संशोधक बरीच वर्षं करतायत.

आणखी एक गोष्ट. ही लस मोकळं विष पकडते, झालेलं नुकसान भरून काढत नाही. मण्यारच्या विषाने मज्जातंतूंची टोकं एकदा बिघडली की ती सावरायला वेळ लागतो, तोवर रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. उतारा उशिरा मिळाला, की त्याची ताकद तेवढीच राहते, उपयोग मात्र कमी होतो.

महाडचा विंचू

उतारा दरवेळी विषाच्या विरोधात बनवलेलाच असतो असंही नाही. कधी तो भलत्याच कपाटात पडून असतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच कोकणातलं आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. कोकणातला लाल विंचू चावल्यावर तरणीताठी माणसं आणि लहान मुलं दगावत होती. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. त्यांच्या लक्षात आलं की मरण येतंय ते हृदयावर येणाऱ्या ताणामुळे. या विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. मग रक्तवाहिन्या सैल करणारं औषध दिलं तर? प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल प्रसिद्ध झालं. बावस्करांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण आधी ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते प्राझोसिननंतर एक टक्क्याच्या आसपास आलं. पुढे विंचवाच्या विषावरची लस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर बरे होतात, हेही त्यांनी ७० रुग्णांवरच्या अभ्यासातून दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

प्राझोसिन विषाला शिवतसुद्धा नाही. ते फक्त विषाने शरीरात जे केलं ते उलटवतं. म्हणजे उतारे दोन तऱ्हेचे झाले. एक विषाला पकडणारा, दुसरा विषाच्या परिणामाला अडवणारा.

तिसरी तऱ्हाही आहे, शर्यत लावणारा उतारा. विषारी दारूत मिथेनॉल असतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला त्याने शंभराहून अधिक माणसं गेली. मिथेनॉल स्वतः जेवढं घातक नाही तेवढी यकृतात त्यापासून तयार होणारी द्रव्यं घातक असतात. तिथे डॉक्टर फोमेपिझोल किंवा चक्क शुद्ध इथेनॉल देतात. यकृतातलं विकर इथेनॉलमध्ये गुंतून पडतं आणि मिथेनॉल तसंच शरीराबाहेर जातं. काट्याने काटा काढायचा तो असा. पण हे काम आयसीयूत, मोजून-मापून करायचं आहे. ‘दारू दारूनेच उतरते’ या पार्टीतल्या तत्त्वज्ञानाला यात कुठेही आधार नाही. लिंबूपाणी किंवा ब्लॅक कॉफीनेही चढलेली उतरत नाही. यकृत आपल्या वेगाने काम करतं, आपण फक्त थांबायचं.

विंचू उतरवणारा ‘यशस्वी’ का होतो?

गावाकडे हमखास ऐकायला मिळतं, ‘आमच्या मामांना नागाने धरलं होतं, त्या बाबांनी उतरवलं.’ मामा खरंच वाचलेले असतात. कुणी खोटं बोलत नसतं. मग काय घडतं?

भारतात सापांच्या सुमारे ३०० जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतांश बिनविषारी. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत धामण आणि नाग यांत फरक कुणाला कळणार? विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असंही नाही. याला कोरडा दंश म्हणतात. काळ्या विंचवाच्या दंशाने जीव कासावीस होतो, पण बहुतेकदा काही तासांत वेदना आपोआप ओसरते. म्हणजे मंत्र घातला नसता तरी ही सगळी माणसं वाचलीच असती. मंत्राच्या खात्यावर जमा होतात ती हीच माणसं. ज्याला खरोखर मण्यार चावली तो सांगायला मागे उरत नाही. आणि उरलेले म्हणतात, ‘उशीर झाला होता, विष डोक्यात गेलं होतं.’ पुन्हा तेच चढण्याचं चित्र.

मण्यारची गोष्ट तर फारच वाईट. ती बहुधा रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दंश इतका बारीक आणि वेदनाहीन असतो की झोपसुद्धा मोडत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, बोबडी वळते. घरच्यांना वाटतं बाधा झाली. मग लिंबू, भात, अंडं आणि तिठा. पाच पत्त्यांपैकी चुकीच्या पत्त्यावरचा उतारा आणला जातो, आणि बरोबर पत्त्यावरचा उतारा तालुक्याच्या दवाखान्यात तसाच पडून राहतो.

महाराष्ट्रात याविरुद्ध कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि जो त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झाला, त्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिलंय. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणं आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं तुरुंगवास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. शब्द नीट वाचा. कायदा कुणाला प्रार्थना करण्यापासून अडवत नाही. दवाखान्याच्या वाटेत आडवं येणं, हा गुन्हा आहे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात आणि घरीच झाले. निम्मे पावसाळ्यात. ‘घरीच’ हा शब्द मला त्या आकड्यापेक्षा जास्त टोचला. उतारा अस्तित्वात आहे, सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि माणूस घरी मरतोय. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे.

‘विशिष्ट उतारा नाही’

सापाविंचवापेक्षा आजच्या शेतकऱ्याच्या जास्त जवळ असलेलं विष बाटलीत असतं. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन उभा तिरका छापलेला दिसेल. त्याचा खालचा त्रिकोण लाल असेल तर विष अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम. सोबतच्या घडीपत्रकात विषबाधेची लक्षणं आणि त्यावरचा उतारा छापणं नियमाने बंधनकारक आहे. बारीक टायपात असतं, पण असतं.

ऑर्गेनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांवर ॲट्रोपिन हे औषध आहे, सोबत प्रॅलिडॉक्सिम देतात. पण कितीतरी रसायनांच्या पत्रकावर त्या जागी लिहिलेलं असतं की विशिष्ट उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करावेत. पॅराक्वाट हे तणनाशक त्यातलंच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. दोन-तीन औषधं एकत्र मिसळून फवारलेली असली, तर शरीरात नेमकं काय गेलंय हेच लवकर कळत नाही. विष कोणतं ते ठाऊक नसेल, तर उतारा तरी कोणता देणार? म्हणून अशा वेळी रुग्णाबरोबर डबा किंवा निदान त्याचा फोटो नेणं अत्यंत गरजेचं. साप नेऊ नका, पण डबा जरूर न्या.

एक उतारा हुकला की

शेतीचं काम करताना सर्पदंश, विंचूदंश किंवा फवारणीची विषबाधा होऊन शेतकऱ्याचा मृत्यू झाला, तर राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी जोडायच्या कागदपत्रांची यादी वाचताना मी एका ओळीवर अडखळले. त्यात लिहिलंय, ‘सातबारा उतारा’.

शब्दकोशात हे दोन अर्थ एकाखाली एक असतात, काही शब्दांच्या अंतरावर. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये एक रात्र असते. पहिला उतारा वेळेत मिळाला, तर दुसऱ्यासाठी तलाठ्याकडे जावं लागत नाही.

शब्द बदलायची काहीच गरज नाही. ‘प्रतिविष’ म्हणा असा आग्रह धरला तर कुणी म्हणणार नाही, आणि ‘उतारा’ हा शब्द आहेच इतका गोड की टाकवत नाही. बदलायचं आहे ते त्याच्यासोबत येणारं चित्र. उतारा पाल्यात किंवा लिंबात नाही. तो तालुक्याच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये किंवा कपाटात, कुपीत आहे. सुट्टीत गावी गेलात की एवढंच शोधून ठेवा : आपल्या गावापासून तो दवाखाना किती किलोमीटरवर आहे, तिथे लस आहे का, आणि रात्री दोन वाजता तिथवर न्यायला कुणाची गाडी मिळेल. तीन प्रश्नांची उत्तरं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत.

खालील उतारा लक्षात ठेवा!

साप चावल्यास :

• माणसाला धीर द्या. पळू किंवा चालू देऊ नका.
• अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, घट्ट कपडे काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत.
• हात किंवा पाय फळकुटाच्या आधाराने स्थिर ठेवा, मोडलेलं हाड ठेवतात तसा.
• १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.
• चावल्याची वेळ आणि वाटेत दिसलेली लक्षणं (पापण्या जड होणं, हिरड्यांतून रक्त, उलटी, सूज) डॉक्टरांना सांगा.
• दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. तूप, दारू, पाल्याचा रस काहीही पाजू नका.

कीटकनाशकाची विषबाधा झाल्यास :

• मोकळ्या हवेत न्या, भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.
• पोटात गेलं असेल, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका.
• डबा, लेबल, घडीपत्रक सोबत न्या.